सहा वर्षे राज्यसेवेची तयारी केली, आता रोपवाटिका काढायची आहे. घरचे म्हणतात, आणखी एकदा बस

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्र लिहिणारे गृहस्थ २९ वर्षांचे असून बार्शी तालुक्यातील आहेत. त्यांनी कृषी शाखेची पदवी घेतली आणि गेली सहा वर्षे पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी केली. दोनदा ते मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, एकदा मुलाखतही झाली, पण अंतिम यादीत नाव आले नाही. आता त्यांना गावी परत जाऊन सीताफळाच्या कलमांची रोपवाटिका काढायची आहे. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. ‘एवढी वर्षे घातलीस, आता एक अटेम्प्ट तरी दे’, असे त्यांचे म्हणणे आहे. मामा म्हणतात की शेतीत राहिलास तर मुलगी कोणी देणार नाही, आणि अभ्यासिकेतले मित्र म्हणतात की वेळ आली असताना मैदान सोडू नकोस. पत्राचा शेवट असा आहे: ‘मी माझ्या मनावर विश्वास ठेवू की लोकांच्या म्हणण्यावर?’

मी बावीस वर्षे पुण्यात करिअर समुपदेशन करते आहे आणि हा प्रश्न अशा शब्दांत मांडला की त्याचे उत्तर सापडत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. या मांडणीत मन एका बाजूला एकजुटीने उभे आहे आणि लोक दुसऱ्या बाजूला एकजुटीने उभे आहेत, असे धरून चाललेले असते. प्रत्यक्षात दोन्हीकडे फूट असते. तुमचे मन रोपवाटिकेकडे ओढ घेते, तसेच ते ‘साहेब’ या हाकेलाही हळवे आहे. आणि ज्यांना तुम्ही सरसकट लोक म्हणता, त्यांतल्या प्रत्येकाला तुमच्याबद्दल वेगळी गोष्ट माहीत आहे आणि वेगळीच भीती वाटते.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण तुम्हीही पत्रात वापरली आहे. ती वापरणाऱ्या बहुतेकांचा सगळा भर दुसऱ्या अर्ध्यावर असतो आणि पहिला अर्धा केवळ शिष्टाचार म्हणून उरतो. समोरच्याचे मान डोलावून ऐकायचे आणि मग आपले तेच करायचे, असा तिचा अर्थ लावला जातो. मला मात्र पहिल्या अर्ध्यात जास्त कष्टाचे काम दिसते. जनाचे नीट ऐकले, चाळले, त्यातले घ्यायचे ते घेतले, तरच मागे उरणाऱ्या मनाच्या म्हणण्याला काही वजन येते.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक कोरा कागद देते आणि ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, त्यांची नावे लिहायला सांगते. पहिली चार-पाच नावे भराभर उतरतात, सातव्या-आठव्या नावापाशी पेन थांबते आणि मग खिडकीबाहेर बघणे सुरू होते. अख्खे गाव आपल्याकडे बघत आहे असे वाटणाऱ्या माणसाच्या कागदावर बारा नावेही क्वचितच भरतात. नावे झाली की प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या असतात. या माणसाला अशी कोणती माहिती आहे जी मला नाही? त्याला कशाची भीती वाटते? आणि माझा निर्णय चुकला तर त्याचे काय जाते, बरोबर ठरला तर त्याला काय मिळते? तुमच्या पत्रातल्या तिघांपुरते हे काम मी इथेच करून पाहते.

अण्णांपासून, म्हणजे तुमच्या वडिलांपासून, सुरुवात करू. पुण्यातला खोली, मेस आणि अभ्यासिका मिळून महिना नऊ हजारांचा खर्च त्यांनी सहा वर्षे पेन्शनमधून पाठवला, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे बोलण्याचा अधिकार पैसे घालून मिळवलेला या यादीतला हा एकच माणूस आहे. परंतु ‘एवढी वर्षे घातलीस’ हे वाक्य पुढच्या वर्षाविषयी काहीच सांगत नाही. गेलेली सहा वर्षे तुम्ही परीक्षेला बसलात तरी परत येणार नाहीत आणि नाही बसलात तरी नाहीत. गेल्याचा हिशेब पुढच्याच्या खात्यावर मांडण्याची ही चूक मोठमोठ्या कंपन्या करतात, सरकारे करतात, लग्नाच्या मांडवात बसलेली माणसेही करतात. एका निवृत्त शिक्षकाने केली तर त्यात नवल नाही. या वाक्यामागे खरी भीती वेगळीच असावी, असा माझा अंदाज आहे: मुलगा परत आला तर शेजारपाजारच्यांना काय सांगायचे, आणि त्याहून खोल म्हणजे, मी याला चुकीच्या वाटेला लावले का? दुसरा प्रश्न ते तोंडाने कधीच विचारणार नाहीत. त्याचे उत्तर मात्र तुम्ही न विचारता देऊ शकता.

मामांचे म्हणणे झटकून टाकू नका. ते कानाला कडू लागते, पण त्यात माहिती आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर लग्न न जुळलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून मोर्चा काढला होता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. मागणी गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवण्याची होती, आणि शेतकरी मुलाला स्थळे येत नाहीत ही घरोघरची तक्रारही त्याच सुमारास चव्हाट्यावर आली. अशा परिस्थितीत मामा जे सांगतात ती बाजारातली खबर आहे आणि ती बहुधा खरीही आहे. प्रश्न इतकाच आहे की तिच्यावरून निष्कर्ष कोणता काढायचा. सातवी जाहिरात निघण्याची वाट पाहत ३२ वर्षांचा झालेला, कमाई नसलेला उमेदवार आणि दोन वर्षे चाललेली परवानाधारक रोपवाटिका असलेला ३२ वर्षांचा माणूस, यांत स्थळ कोणाला आधी येईल, याची तुलना मामांनी केलेली नाही. त्यांनी आजची रोपवाटिका आणि मनातल्या मनात लागलेली पोस्ट यांची तुलना केली आहे. मनातल्या पोस्टशी तुलना केली तर कोणतेही काम हलकेच ठरते.

आता मित्रांचे मत. तुमच्या रोजच्या जगण्याला ते सर्वांत जवळचे आहेत आणि निर्णयापुरते मला त्यांचेच मत सर्वांत कमी वजनाचे वाटते. सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसलेला मित्र ‘सोडू नकोस’ म्हणतो तेव्हा तो निम्मे स्वतःशीच बोलत असतो, कारण तुम्ही उठून गेलात तर त्याच्याही खुर्चीखालची जमीन थोडी हलते. त्यात त्याचे वाईट काहीच नाही. मात्र याच मित्रांकडे एक माहिती आहे आणि ती तुम्ही त्यांच्याकडून काढून घ्या. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. नऊपैकी गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या सात प्रश्नपत्रिकांचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ असे एकूण २०२५ गुण आहेत. पूर्वी मुख्य परीक्षा ८०० आणि मुलाखत १०० गुणांची होती. म्हणजे तुमचा सहा वर्षांचा बहुपर्यायी प्रश्नांचा सराव नव्या परीक्षेत पूर्वीइतका कामाला येणार नाही. ‘आणखी फक्त एक अटेम्प्ट’ असे जे म्हटले जाते, तो खरे पाहता नव्या परीक्षेचा पहिला अटेम्प्ट आहे आणि तिथे लिखाणाचा हात बसायला पहिले वर्ष जाईल. ज्यांनी तीन महिने उत्तरलेखन केले आहे, त्यांना हे नक्की विचारा.

इथे थोडे विषयांतर करते, कारण सगळे एकाच सुरात बोलत असताना आपल्याला आपले डोळेही खोटे का वाटू लागतात, हे समजून घेतले तर स्वतःवरचा राग कमी होतो. सोलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा, आणि त्या तिघींपैकी पहिलीएवढी लांब कोणती, एवढेच सांगायचे. खोलीतला एकच माणूस खरा सहभागी असे, बाकीचे सारे आधी शिकवून ठेवलेले असत आणि अठरापैकी बारा फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. या बारा फेऱ्यांतल्या खऱ्या सहभागींच्या उत्तरांपैकी सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीमागे गेली आणि सुमारे तीनचतुर्थांश माणसे निदान एकदा तरी झुकली. प्रयोगाचा कमी सांगितला जाणारा भाग मला अधिक उपयोगाचा वाटतो: खोलीत एकच जरी माणूस बरोबर उत्तर देणारा निघाला, तरी झुकण्याचे प्रमाण एकदम खाली आले. म्हणून सगळ्यांना पटवण्याची तुम्हाला गरज नाही, पण एकटे राहणेही बरे नाही. रोपवाटिकेचे काम जाणणारा, तुमच्या घरचा नसलेला एक माणूस आधी गाठा. मात्र एक फरक विसरू नका. अ‍ॅशच्या खोलीत बरोबर उत्तर कार्डावर डोळ्यांपुढे होते, आणि तुमच्या बाबतीत ते अजून कोणालाच, तुम्हालाही, दिसलेले नाही. बहुमताविरुद्ध उभे राहिलो म्हणजे आपण बरोबरच असतो, असे नव्हे.

हे मी चूक करून शिकले. या कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक बावीस वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. चांगली नोकरी होती, घरच्यांचा विरोध होता आणि तिला पूर्ण वेळ नृत्य करायचे होते. ती बोलत असताना तिचे डोळे असे काही चमकत होते की मी तिला ‘मनाचे ऐक’ असे सांगून मोकळी झाले. आठ महिन्यांनी ती परत आली. नोकरी गेली होती, बचत संपत आली होती आणि तेव्हा कुठे मी तिला विचारले की याआधी कधी नृत्याचे दोन तरी वर्ग घेतले होतेस का, मानधन घेऊन कार्यक्रम केला होतास का. तिने यातले काहीच केलेले नव्हते. तिची आवड खरी होती; आवडीलाच दिशा समजण्याची चूक माझी होती. तेव्हापासून मी ठरवून टाकले आहे की ‘तुम्हाला मनापासून काय वाटते?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आणि त्याआधी ‘गेल्या सहा महिन्यांत या दिशेने तुमच्या हातांनी काय केले?’ हे विचारायचे.

तुमच्या पत्रात याचे अर्धे उत्तर आहे. गेल्या दिवाळीत गावी गेल्यावर तुम्ही शेजाऱ्याच्या शेडमध्ये बसून चाळीस कलमे बांधलीत, असे एका ओळीत लिहिले आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात मुलाखतीच्या गुणांकडे वळला आहात. मला त्या ओळीवर थांबायचे आहे. चाळीसपैकी किती फुटली? खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधले ते रोप, कोणता होता, त्यावर बसवलेली काडी कोणत्या झाडाची होती, पाचर घेताना साल आणि साल जुळवता आली का, पट्टी सैल राहिली का, सावलीत ठेवली की उन्हात? माणसाला ज्या कामाची खरी ओढ असते, त्याच्या फसलेल्या नगांविषयीही तो तासभर बोलू शकतो. तुम्हाला हे आकडे आठवत असतील तर ती खूण मला तुमच्या कोणत्याही निर्धारापेक्षा मोठी वाटते. आठवत नसतील, तर रोपवाटिका ही कदाचित पुण्यातून बाहेर पडण्याची वाट असेल. आणि बाहेर पडावेसे वाटणेही समजण्यासारखे आहे, फक्त त्याला दिशा म्हणू नये.

हे पडताळण्यासाठी स्वतःला एक अवघड प्रश्न विचारा. उद्या सकाळी यादी लागली आणि त्यात कृषी विभागातल्या पदापुढे तुमचे नाव असले, तर तुम्ही रुजू व्हाल का? उत्तर ‘हो’ आले तर अपराधी वाटून घेऊ नका, पण रोपवाटिका ही तुमची पहिली पसंती नाही हे मान्य करा आणि घरी तसेच सांगा. वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ असल्यामुळे परीक्षेचे दार इतक्यात बंद होणार नाही. ते उघडे असणे मला मात्र थोडे धोक्याचेच वाटते, कारण दहा वर्षे उघडे राहणारे दार माणसाला दहा वर्षे उंबरठ्यावर उभे करू शकते. उत्तर ‘नाही’ किंवा ‘आता नको वाटते’ असे आले, तर पुढचे वाचा.

आपल्याकडे विरोध सोसून चाललेल्या माणसांची उदाहरणे देताना केवळ ठामपणा सांगितला जातो, त्यांचे ऐकणे सांगितले जात नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला, हे सर्वांना माहीत आहे. मला त्यापुढचा भाग अधिक शिकवून जातो. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली; पण समाजाचा कल पाहता दोनच वर्षांत तिचे नाव आणि रोख बदलून विवाहाच्या वाटेतले प्रतिबंध दूर करण्यावर भर दिला, आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढून विधवांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. या वाटेने जाऊन ते १९१६ मध्ये महिला विद्यापीठापर्यंत पोचले. स्वतःच्या विवाहाबद्दल त्यांनी माघार घेतली नाही, कामाची पद्धत मात्र बदलली. शिवाय १९१४ पर्यंत त्यांची फर्ग्युसन महाविद्यालयातली गणिताची नोकरी चालू होती, ही बाब भाषणांत गाळली जाते. पोटापाण्याची सोय असल्याने बहिष्कार त्यांना मोडू शकला नाही, असे माझे मत आहे.

तुमच्या बाबतीत पोटापाण्याची सोय कोणती, हे आधी ठरवावे लागेल. कलमांचा धंदा हंगामी आहे. लागवडीच्या हंगामात, म्हणजे पावसाच्या तोंडावर आणि पावसाळ्यात, मागणी एकवटते आणि मजुरी, पाणी, पिशव्या यांचा खर्च मात्र बारा महिने चालतो. पत्रात तुम्ही विक्रीचा अंदाज दिला आहे, पण कोरड्या महिन्यांचा खर्च धरलेला नाही. इथे तुमच्या चुलत्यांचे वाक्य आठवा, जे तुम्ही चेष्टा म्हणून लिहिले आहे: ‘कागदपत्रं कोण करणार, तू का तलाठी?’ ही चेष्टा नीट ऐका. महाराष्ट्रात फळरोपवाटिकेसाठी १९६९ च्या कायद्याखाली परवाना लागतो, आणि सरकारी अनुदानातून फळबाग लावणारा शेतकरी कलमे कोठून घेतली याची पावती मागतो. शिवाय सीताफळाच्या ज्या वाणांना तुमच्या भागात जास्त मागणी आहे, त्यांतला एखादा २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली नोंदवलेला असेल, तर त्याची कलमे हक्कधारकाच्या परवानगीविना विकण्यासाठी करता येत नाहीत. बाळानगरसारख्या जुन्या वाणापासून सुरुवात करायची की परवानगी घेऊन नव्या वाणाकडे जायचे, याचा निर्णय मातृवृक्ष, म्हणजे काड्या ज्यावरून घ्यायच्या ते झाड, निवडण्याआधी घ्यावा लागेल. सहा वर्षे कायदे आणि प्रशासन वाचलेल्या माणसाला हे काम जड जाऊ नये. तुमच्या तयारीचा इतका उपयोग तर आजच आहे, आणि अण्णांच्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथेच कोठेतरी आहे.

अण्णांशी बोलताना ‘मला माझ्या मनासारखे जगू द्या’ असले वाक्य टाळा. अशा वाक्याने त्यांच्या हातात विरोधाखेरीज काही उरत नाही. मी असे काहीसे बोलले असते: “अण्णा, मी जून ते पुढचा मे असं एक वर्ष मागतोय. पुण्याची खोली या महिन्यात सोडतो, म्हणजे नऊ हजार वाचतात. दोनशे कलमं करतो. त्यातली किती जगली आणि किती विकली, हे तुम्हाला दर महिन्याला लिहून दाखवतो. निम्मी जगली नाहीत तर पुढं काय करायचं ते आपण दोघं बसून ठरवू.” यात तुम्ही त्यांची परवानगी मागत नाही आणि त्यांना डावलतही नाही. त्यांना मोजता येईल अशी एक गोष्ट आणि एक तारीख तुम्ही त्यांच्या हातात देता. कलम फुटते की नाही, याला मामांचे मत लागत नाही आणि माझेही लागत नाही, म्हणून तुमच्या दिशेची परीक्षा मला चर्चेपेक्षा तिथे व्हायला हवी आहे.

ते पहिल्या दिवशी हो म्हणणार नाहीत. दोन दिवस जेवताना बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी कोणातरी ओळखीच्या साहेबांना फोन लावून तुम्हाला समजवायला सांगतील. त्या साहेबांचेही ऐका आणि त्यांना एकच विचारा की त्यांच्या खात्यातून रोपवाटिकेच्या परवान्याची माहिती कोण देईल.

दोनशे कलमांसाठी योग्य जाडीचे तयार खुंट लागतील. बी टाकून ते वाढवत बसलात तर वर्षाचा बराच भाग त्यातच जाईल, तेव्हा पहिल्या वर्षापुरते ते विकत घ्या आणि पुढच्या वर्षासाठी बाजूला बी पेरा. खुंट पाहायला जाताना अण्णांना बरोबर न्या. त्यांनी आयुष्यभर हजेरीपट भरले आहेत. तुमच्या दोनशे पिशव्यांवर क्रमांक घालून रोजची नोंदवही लिहिण्याचे काम त्यांच्याकडे मागून बघा.